रोझेनहान यांच्या प्रयोगाने नेमकं काय सिद्ध झालं?

'शहाणा कोण, वेडा कोण हे डॉक्टरांनाच कळत नाही' असं म्हणणारे हमखास डेव्हिड रोझेनहान यांचा दाखला देतात. १९७३ साली 'सायन्स'मध्ये आलेला त्यांचा शोधनिबंध सांगतो: कुठलाही मानसिक त्रास नसलेली ८ माणसं अमेरिकेतल्या १२ मनोरुग्णालयांत गेली, 'आवाज ऐकू येतात' असं खोटंच सांगून दाखल झाली. ११ वेळा निदान झालं स्किझोफ्रेनिया!

वाचायला भारी आहे. पण मनोविकाराचं निदान रक्त तपासून होत नाही. रुग्ण काय सांगतो यावर बरंच अवलंबून असतं. सांगणंच खोटं असेल तर चकवा बसणारच. शिवाय सुझाना कॅहालन यांनी 'द ग्रेट प्रिटेंडर' (२०१९) या पुस्तकात दाखवून दिलं, की खुद्द रोझेनहान यांनी दाखल होताना आत्महत्येचे विचार येत असल्याचंही सांगितलं होतं. निबंधात ते नाही. रुग्णालयाचा चांगला अनुभव आलेला एक सहभागीही त्यांनी हिशेबातून वगळला.

थोडक्यात, प्रश्न रास्त, पुरावा कच्चा. निदान चुकू शकतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. पण 'निदान म्हणजे थोतांड' हे या प्रयोगातून निघत नाही. तेवढ्यावर कुणी गोळ्या बंद केल्या, तर किंमत त्यालाच मोजावी लागते.