दरबारातले देणे

११ फेब्रुवारी १८८९ रोजी टोकियोच्या नव्या राजवाड्यात सम्राट मेइजीने जपानची राज्यघटना पंतप्रधान कुरोदा कियोताका यांच्या हाती दिली. त्याच वर्षी आदाची गिंको या चित्रकाराने हा दरबार तीन जोडकागदांवरच्या काष्ठमुद्राचित्रात उतरवला. लाकडी ठोकळे कोरून छापलेली अशी चित्रे सामान्य माणसाला परवडत. ज्यांना दरबारात मज्जाव होता, त्यांच्यासाठीच तो दरबार छापला गेला.

चित्रात सम्राट पाश्चात्त्य लष्करी पोशाखात आहे, सम्राज्ञी युरोपीय झग्यात. मंत्री गणवेशात अदबीने उभे आहेत. भडक लाल रंग डोळे दिपवतो. जपान युरोपच्या पंगतीला बसला, हे ठसवण्यात चित्रकार पुरेपूर यशस्वी झाला आहे.

पण चित्र जे वैभव म्हणून दाखवते, तेच त्या घटनेचे व्यंग आहे. देणारा वर, घेणारे खाली. ही घटना लोकांनी केलेली नव्हती; ती सम्राटाने प्रजेला बक्षीस दिलेली होती. टोकियोत राहणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी रोजनिशीत नोंदवले आहे की शहरभर कमानी आणि रोषणाई होती, मात्र घटनेत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. मताचा हक्क मिळाला तो वर्षाला किमान १५ येन प्रत्यक्ष कर भरणाऱ्या, पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांना. म्हणजे शंभरांतल्या जेमतेम एकाला.

त्याच सकाळी शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी समारंभाला निघण्याच्या तयारीत असताना घरीच त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते वारले. इसेच्या पवित्र देवस्थानात त्यांनी काठीने पडदा उचलला, अशी वदंता होती. तेवढ्यावर माणूस मारला गेला, आणि पुढे मारेकऱ्याच्याच थडग्याकडे लोकांची रीघ लागली. धर्माच्या अपमानाची अफवा माणसाचा जीव कसा घेते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ज्या दिवशी कायद्याचे राज्य जाहीर झाले, त्याच दिवशी हे घडले. दरबाराच्या देखण्या शिस्तीत या रक्ताला जागा नाही.

म्हणून गिंकोला खोटा म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. त्याने सत्ता गौरवली, पण तिची रचना लपवली नाही. कोण उंचावर आणि कोण अदबीने खाली, हे त्याने स्पष्ट मांडले. १९४७ साली अमलात आलेल्या नव्या घटनेने सार्वभौमत्व जपानी जनतेकडे सोपवले. त्यानंतर हे चित्र पाहणाऱ्याला त्यातली सर्वांत मोठी उणीव सहज दिसते. चित्रात सगळे आहेत, फक्त लोक नाहीत.