छोट्या संगणकाला कार्ड पुरते का?

'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा, एआरएम प्रोसेसरचा संगणक २०१२ साली बाजारात आला. मुलांनी बिघडण्याची भीती न बाळगता संगणक शिकावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून त्यात हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड आले. विद्यार्थ्याने सगळे बिघडवले तरी कार्ड पुन्हा लिहून घेतले की काम भागते. शिकवण्यासाठी ही निवड योग्यच होती. आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीला. सॉफ्टवेअर पॅकेजेस कंपाइल करण्याच्या कामालाही अनेकजण तेच कार्ड वापरतात, आणि ते पाकिटावरचा वेगाचा आकडा पाहून घेतात.

'सेकंदाला १०० मेगाबाइट' हा वेग मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. पॅकेज बनवताना मात्र हजारो लहान फायली लिहाव्या आणि पुसाव्या लागतात. फ्लॅश मेमरी म्हणजे असा फळा, की ज्यावरचा एकच शब्द पुसता येत नाही. पुसायचा तर सगळा फळा. मग उरलेला मजकूर दुसऱ्या फळ्यावर उतरवणे आले. यात वेळ जातो आणि कार्डही झिजते. लहान लेखनांसाठी कार्डावर वेगळी खूण असते : 'ए१' म्हणजे सेकंदाला किमान ५०० लेखने, 'ए२' म्हणजे २०००. मात्र ए२चा पूर्ण लाभ संगणकाची साथ असेल तरच मिळतो.

म्हणून महाग डिस्क घेतली की सर्व काम वेगाने होईल, असेही नाही. प्रत्यक्ष कंपाइल होताना बहुतेक वेळ प्रोसेसरच राबत असतो. डिस्कचा फरक जाणवतो तो आधी लागणारी इतर पॅकेजेस बसवताना. आणि मेमरी अपुरी पडून 'स्वॅप' कार्डावर गेला तर काम रखडतेच. २०१२ मध्ये रास्पबेरी पायसाठी 'रास्पबियन'ची ३५,०००हून अधिक पॅकेजेस नव्याने कंपाइल झाली. ती खुद्द रास्पबेरी पायवर नव्हे, तर अधिक मेमरी असलेल्या व डिस्क सरळ जोडता येणाऱ्या दुसऱ्या एआरएम बोर्डांवर.

मुरबे-सातपाटीसारख्या किनाऱ्यावरील शाळांपुढे आणखी एक प्रश्न आहे. जवळच तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, तरी पावसाळी वाऱ्यात गावची वीज जायची ती जातेच. लेखन चालू असताना वीज गेली, तर कोणती फाइल कोठे आहे ही कार्डातील नोंदच बिघडू शकते. मग विद्यार्थ्याचे महिन्याचे कामही जाते. एसएसडीलाही हा धोका आहे. म्हणून खर्चाचा क्रम असा असावा : प्रथम बॅटरीची सोय, मग अधिक मेमरीचा बोर्ड, त्यानंतर लहान एसएसडी. ती 'पाय ४'ला (२०१९) यूएसबी ३ने, तर 'पाय ५'ला (२०२३) पीसीआय एक्सप्रेसने जोडता येते. तात्पुरत्या फायली मेमरीतच ठेवाव्यात आणि तयार झालेल्या कामाची प्रत दुसरीकडे.

हे पडताळणे वर्गातही शक्य आहे. एकच पॅकेज कार्डावर, एसएसडीवर आणि मेमरीत प्रत्येकी तीनदा कंपाइल करावे, प्रत्येक वेळी संगणक नव्याने सुरू करावा आणि 'टाइम' आज्ञेने वेळ नोंदवावी. फरक थोडाच आढळला, तर एसएसडीचे पैसे वाचवून ते बॅटरीसाठी वापरावेत.