वाड्याचे वाचन : ऐतिहासिक घरांच्या दर्शनातील भाषेचा विचार

ऐतिहासिक वास्तू पाहणे हा वरवर पाहता डोळ्यांचा व्यवहार आहे. वस्तुतः तो मोठ्या अंशी भाषेचा व्यवहार असतो. प्रेक्षक दाराशी येतो, फलक वाचतो, मार्गदर्शकाचे चार शब्द ऐकतो आणि मगच पाहू लागतो. ज्या गोष्टीला तेथे नाव मिळाले नाही ती बहुधा त्याच्या दृष्टीसही पडत नाही. म्हणून मोठ्या शहरांतील जुने वाडे, महाल आणि थोर व्यक्तींची निवासस्थाने ज्या भाषेत दाखविली जातात, तिचे परीक्षण हा केवळ पर्यटनाचा प्रश्न राहत नाही. तो भाषाभ्यासाचाही विषय ठरतो.

हदगावसारख्या ठिकाणाहून या प्रश्नाकडे पाहण्यात एक विशेष सोय आहे. तालुक्याचे हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. साहजिकच येथील जुन्या पिढीच्या लेखी ‘शहर’ म्हणजे हैदराबाद. पुढील पिढ्यांच्या लेखी पुणे-मुंबई. आजोबांच्या आठवणीत चारमिनार आणि नातवाच्या सहलीत शनिवारवाडा, अशी दोन शहरे येथे एकाच घरात नांदतात. त्यामुळे दोन्हीकडच्या वास्तुदर्शनाची तुलना येथील अभ्यासकास सहज सुचावी.

या दर्शनाच्या भाषेतील पहिला दोष क्रियापदात आहे. ‘अमक्याने हा वाडा बांधला’ हे वाक्य मराठी फलकांवर व माहितीपुस्तिकांत इतके रूढ झाले आहे की त्यात काही खटकते असे कोणास वाटत नाही. परंतु मराठीत ‘बांधणे’ आणि ‘बांधविणे’ ही दोन क्रियापदे आहेत. पहिल्यात कर्ता स्वतः काम करतो. दुसऱ्यात तो ते इतरांकडून करवून घेतो. मराठीच्या जुन्या लेखांपैकी एक म्हणून ख्यात असलेल्या श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेल्या लेखातील क्रियापद ‘करवियलें’ हे आहे. म्हणजे तो लेख खोदविणाऱ्याने प्रयोजक रूप वापरण्याची दक्षता घेतली होती. मूर्ती चावुंडराजाने केली असे तो लेख म्हणत नाही; त्याने ती करविली असे म्हणतो. प्रयोजक क्रियापदाच्या पोटी प्रत्यक्ष काम करणाऱ्या दुसऱ्या कर्त्याची जागा राखलेली असते. त्याचे नाव वाक्यात नसले तरी ‘कोणाकडून?’ हा प्रश्न ते क्रियापद जागा ठेवते. ‘बांधला’ म्हटले की तो प्रश्नच मिटतो, आणि त्याबरोबर पाथरवट, गवंडी, सुतार, बेलदार हे सारे वाक्याबाहेर जातात. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत, १८०७ च्या सुमारास, पूर्ण झालेल्या या वाड्याची कीर्ती मुख्यतः त्याच्या दर्शनी लाकूडकामावर उभी आहे. ज्या वास्तूचे सारे वैभव सुताराच्या हातात आहे, तिच्या वर्णनात सुताराला जागा करून देणारे क्रियापदही नसावे, ही केवळ व्याकरणाची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा दोष नामांच्या निवडीत आहे. जुन्या मराठी घराच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले असता एक स्थूल विभागणी नजरेस येते. दरवाजा, नगारखाना, कचेरी, दिवाणखाना हे बाहेरच्या माणसाला सामोरे जाणारे भाग. त्यांची नावे बहुतांशी फार्सी-अरबी परंपरेतून आली. माजघर, देवघर, न्हाणीघर, परसू हे आतले भाग. त्यांची नावे देशी वा संस्कृत-प्राकृत वळणाची राहिली. ‘माजघर’ या शब्दात ‘मध्य’चे प्राकृत रूप ‘मज्झ’ अद्याप ओळखू येते. ही विभागणी काटेकोर नाही. ओसरी व पडवी हे बाहेरचे भाग असूनही त्यांची नावे फार्सी नाहीत. उलट राजवाड्यातील मुदपाकखाना आतला असूनही ‘खाना’ हे पद मिरवितो. तथापि एकंदर कल स्पष्ट आहे : दरबाराच्या भाषेने घराचा पुढचा भाग व्यापला, आणि आतला भाग घरच्या बोलीकडे राहिला. आजचे वास्तुदर्शन पुढच्या भागाचीच नावे घेते. प्रेक्षक दिवाणखाना ‘पाहतो’, माजघरातून मात्र नुसता ‘जातो’. ज्या खोल्यांत स्त्रियांचे आयुष्य गेले त्या जतन होऊनही मुक्या राहतात. कारण त्यांच्याविषयी कोणी वाक्य रचलेले नसते.

हैदराबादेत हाच प्रकार एका शब्दाच्या इतिहासात पाहावयास मिळतो. मराठीत ‘देवडी’ म्हणजे दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंस असलेली पहारेकऱ्यांची जागा. गडकोटांच्या वर्णनांत देवड्यांचा उल्लेख नेहमी येतो. हैदराबादेत मात्र या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि उमरावाचा संपूर्ण प्रासाद ‘देवडी’ झाला. अंशावरून अवघ्याचा बोध होण्याचे हे नमुनेदार उदाहरण होय. येणाऱ्या-जाणाऱ्यास दरवाजाच तेवढा दिसे, आतला प्रासाद पाहण्याची मुभा फार थोड्यांना असे. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या अनुभवाशी हा अर्थविस्तार चांगला जुळतो. सालारजंग घराण्याच्या दिवाण देवडीत १९५१ मध्ये सालारजंग संग्रहालय सुरू झाले आणि १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले. पुढे देवडीचा बहुतेक भाग नाहीसा झाला. आज तिची ओळख सांगावयास मुख्यतः कमानी उरल्या आहेत. शब्दाने दारापासून प्रासादापर्यंत मजल मारली होती. वास्तू प्रासादापासून पुन्हा दारापर्यंत आली.

शनिवारवाड्यात याच्या उलट घडले आहे. १७३० मध्ये पायाभरणी आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती एवढेच शिल्लक राहिले. गणपती रंगमहाल आता केवळ नावाने आहे. येथे प्रेक्षक वस्तुतः घर पाहत नाही, घराची नामावली वाचतो. परंतु ती नामावलीही बोलकी आहे. पाच दरवाज्यांपैकी एकास मस्तानी दरवाजा म्हणतात आणि त्याचेच दुसरे नाव अलीबहादूर दरवाजा असे आहे. दुसऱ्या एकास १७७३ मध्ये मारल्या गेलेल्या नारायणरावाचे नाव चिकटले आहे. कोणास कोणत्या दाराने आणले, कोणास कोणत्या दाराने नेले, हे या नावांत साठून राहिले आहे. दरवाज्याच्या नावाची मीमांसा जो ऐकेल त्याला या घराची रचना कळेल. केवळ उंची आणि रुंदी ऐकणाऱ्यास ती कळणार नाही.

कारण घराची खरी रचना त्याच्या उंबरठ्यांत असते. अंगणापर्यंत कोणी यावे, ओसरीवर कोणी बसावे, माजघरात कोणास प्रवेश, देवघरात कोणास बंदी, हे नियम म्हणजेच त्या घराचे व्याकरण. ‘वाडा’ हाच शब्द पाहावा. त्याच्या मुळाशी कुंपणाने वेढलेल्या जागेचा अर्थ आहे. म्हणून तो सरदाराच्या निवासस्थानास लागला, तसाच गावकुसाबाहेरच्या वस्तीसही लागला. महारवाडा, मांगवाडा ही नावे त्याच शब्दाची. जातिवाचक वस्तीनामे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आणि तो योग्यच होता. परंतु ‘वाडा पाहावयास जाणे’ या प्रयोगात या शब्दाचा एकच अर्थ जिवंत राहावा आणि दुसरा विसरला जावा, हे इतिहासाच्या अभ्यासकास परवडणारे नाही. एका कुंपणाच्या आत राहणारा आणि दुसऱ्या कुंपणात राहावयास लावलेला, अशी ही दोन टोके एकाच शब्दात आहेत.

या दृष्टीने पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा मोठ्या प्रासादांहून अधिक बोलका ठरतो. तेथे नक्षी पाहण्यासाठी कोणी जात नाही. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. ‘हौद खुला केला’ या वाक्यात कर्ता, कर्म आणि क्रिया सर्व नेमकी आहेत. येथे प्रयोजकाची गरज नाही, कारण कर्त्याने स्वतःच्या घराचा नियम स्वतः मोडला. घराचे महत्त्व त्याच्या बांधणीहून त्यातील एका कृतीने ठरावे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. जुन्या घरांचा आणि त्यांच्या शब्दांचा हा आग्रह म्हणजे गतकालाचा मोह नव्हे काय? मराठवाड्यात हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगामातीच्या भिंती आणि जड माळवदे यांखाली दगावली. गळती थांबावी म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेले होते. उन्हापावसापासून राखणारे छप्परच त्यामुळे घातक ठरले. ज्यांनी त्यानंतर पत्र्याची किंवा सिमेंटची घरे पत्करली त्यांना माळवदाचे सौंदर्य ऐकविणे हा उद्धटपणा होईल. तेव्हा आग्रह धरावयाचा तो घराचा नव्हे, घराविषयीच्या नेमक्या भाषेचा. माळवद, ढाळज, बळद हे शब्द जपावयाचे ते ती घरे पुन्हा बांधण्यासाठी नव्हेत. त्या घरांत माणसे कशी राहिली, कोण दारात थांबले आणि छप्पर का कोसळले, हे पुढील पिढीला अचूक सांगता यावे, यासाठी ते जपावयाचे.

आजच्या वास्तुदर्शनाची एक मोठी बाजू मान्य केली पाहिजे. २००५ मध्ये सर्वांसाठी उघडलेल्या हैदराबादच्या चौमहल्ला प्रासादात आज तिकीट काढून कोणीही जाऊ शकतो. उंबरठ्यांचा जुना नियम तेथे संपला आहे, आणि हा लाभ कमी लेखण्यासारखा नाही. परंतु नियम संपला हे कळण्यासाठी तो होता हे कळावे लागते. फलकाने ‘बांधला’ऐवजी ‘बांधविला’ म्हणावे, दिवाणखान्याइतकीच दोन वाक्ये माजघरासाठी राखावीत, आणि प्रत्येक दारापाशी येथून कोणास आत येता येत नव्हते ते सांगावे. एवढ्याने वास्तू बदलणार नाही, पण तिचे दर्शन बदलेल.

हदगावच्या विद्यार्थ्याला या कामात शहरातील विद्यार्थ्याहून एक गोष्ट अधिक उपलब्ध आहे. ज्या शब्दांचा अर्थ शहरात कोशात शोधावा लागतो, ते त्याच्या घरातील वृद्धांच्या बोलण्यात अजून आढळतात. ते शब्द टिपून घेण्यास फलक लागत नाही, तिकीटही लागत नाही. बोलणारी माणसे आहेत तोवरचा वेळ मात्र लागतो, आणि तो मर्यादित आहे.