शब्दांचे पहारेकरी

१९३४ साली अमेरिकेत वेब्स्टरच्या थोरल्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात 'डॉर्ड' असा एक शब्द छापलेला होता आणि त्याचा अर्थ दिला होता 'घनता'. वस्तुतः हा शब्द तोवर कोणाही इंग्रजी माणसाच्या तोंडून निघालेला नव्हता. झाले होते ते असे : थोरले डी किंवा धाकटे डी हे अक्षर घनतेसाठी संक्षेपाने वापरतात, अशी चिठ्ठी रसायनशास्त्राच्या संपादकाने कार्यालयात धाडली. 'किंवा'ला इंग्रजीत 'ऑर'. ही 'डी ऑर डी' अशी सुटी अक्षरे कोणीतरी एका ओळीत सांधली आणि एक नवा शब्द जन्माला आला! त्याला अर्थ मिळाला, उच्चार मिळाला, कोशात हक्काची जागा मिळाली. पाच वर्षांनी, १९३९ च्या फेब्रुवारीत, एका संपादकाच्या ध्यानात आले की ह्या गृहस्थाला व्युत्पत्ती कशी ती नाही. मग चौकशी झाली आणि बिंग फुटले.

याच्या उलट गोष्ट ऑक्सफर्डची. तिथल्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम संपायला १९२८ साल उजाडले. प्रमुख संपादक जेम्स मरे बिचारा १९१५ सालीच निवर्तला. लाखो चिठ्ठ्यांच्या ह्या यज्ञात 'बाँडमेड', म्हणजे बटीक, ह्या शब्दाच्या चिठ्ठ्याच गहाळ झाल्या! शब्द जुना, बायबलातला, सर्वांना ठाऊक असलेला. पण महाकोशात नाही. १९३३ च्या पुरवणीत त्याची सोय लागली.

मोकळ्या तासाला ह्या दोन्ही गोष्टी मी मुलांना सांगतो, तेव्हा वर्गात हशा पिकतो. पुस्तकाचे चुकले, की मुलांना केवढा आनंद! मोठ्या माणसांना मात्र त्या ऐकून थोडे अस्वस्थ व्हायला होते, असा माझा अनुभव आहे. "कोशात आहे का?" हा प्रश्न आपण हायकोर्टाचा निकाल मागावा तसा विचारतो, आणि कोर्टातले लोकही चिठ्ठ्या हरवणारे, अक्षरे जोडणारे, आपल्यासारखेच आहेत, हे कळले की पायाखालची फरशी हलते. इंग्रजी शब्दांवरून गेली तीनशे वर्षे जी भांडणे चालली आहेत, त्यांच्या मुळाशी हीच अस्वस्थता आहे.

पहारेकऱ्यांची परंपरा मोठी नामांकित. 'गलिव्हर'चा कर्ता जोनाथन स्विफ्ट यांतलाच. 'मॉब', 'बँटर', 'बँबूझल' असले शब्द ऐकले की त्याचे मस्तक फिरे. 'मोबिले' ह्या लॅटिन शब्दाचे शेपूट तोडून लोकांनी 'मॉब' केला, हे त्याला पाखंड वाटे. आपण ह्या शब्दांना अडवण्याची पराकाष्ठा केली, पण संख्याबळापुढे हात टेकले, अशी तक्रार त्याने १७१० साली केली, आणि १७१२ साली तर भाषेच्या शुद्धीसाठी विद्वानांची सभाच स्थापावी, असा प्रस्ताव मांडला. सभा काही झाली नाही. 'मॉब' मात्र आज न्यायमूर्तींच्या निकालपत्रातही बसतो.

आपल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ज्याच्यावर निबंधमालेत निबंध लिहिला आणि ज्याच्या 'रासेलस'चे वडिलांनी आरंभिलेले भाषांतर पुरे केले, तो डॉक्टर जॉन्सन ह्या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक माणूस. १७४७ साली कोशाची योजना जाहीर करताना इंग्रजी भाषा एकदाची स्थिर करून टाकावी, अशी त्याची उमेद होती. १७५५ साली कोश छापून झाला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने कबूल केले की ती आशा व्यर्थ होती. आठ वर्षे शब्दांच्या सहवासात काढल्यावर माणूस नम्र होतो, हे खरे. शब्दांना जवळ न करता दुरूनच दंडुका उगारणारे मात्र कधी नम्र होत नाहीत.

कवी ड्रायडनचीच कथा पाहा. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले, आणि १६७२ साली त्याने बेन जॉन्सनसारख्या मागच्या पिढीतल्या दिग्गजाला त्याबद्दल नावे ठेवली. आपले इंग्रजी लॅटिनच्या कसावर घासून पाहण्याची त्याला खोड होती, आणि लॅटिनला ती ठेवण मानवत नाही. पुढे त्याने काय करावे? १६६८ साली छापलेला स्वतःचाच निबंध १६८४ मध्ये पुन्हा काढताना त्याने आपली शेवटी अव्यये आलेली वाक्ये वेचून वेचून दुरुस्त केली! एका माणसाची ही खोड पुढे शाळाशाळांतून नियम म्हणून शिकवली गेली.

तिसरा पहारेकरी आम्हा मास्तरांना फार जवळचा. अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रँट व्हाइट नावाच्या टीकाकाराने १८७० साली शब्दांच्या वापरावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात एका नव्या प्रयोगावर तोफ डागली. 'घर बांधले जात आहे' हे सांगताना जुने लोक नुसते 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. नवे लोक 'इज बीइंग बिल्ट' म्हणू लागले होते. 'असणे असत आहे' अशी ही विद्रूप दुरुक्ती असून सुसंस्कृत माणसाने तिचा स्पर्शही होऊ देऊ नये, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आज कर्मणी प्रयोगाच्या तासाला आम्ही फळ्यावर जे लिहितो, मुलांकडून वीस-वीस वेळा गिरवून घेतो आणि चुकल्यास गुण कापतो, ते हेच 'इज बीइंग बिल्ट'. दीडशे वर्षांत अस्पृश्य प्रयोग पाठ्यपुस्तकाचा यजमान होऊन बसला.

आणि 'यू'? एका माणसाला 'यू' म्हणणे ही व्याकरणाची हत्या आहे, असे क्वेकर पंथाच्या जॉर्ज फॉक्सने १६६० साली सहकाऱ्यांबरोबर आख्खे पुस्तक लिहून बजावले. 'यू' म्हणजे 'तुम्ही'. एकाला 'दाउ', म्हणजे 'तू'च म्हटले पाहिजे. क्वेकर न्यायाधीशालाही 'तू' म्हणत आणि त्यापायी शिक्षा भोगत. त्यांचे धैर्य वंद्य. पण 'तू' इंग्रजीतून नाहीसाच झाला. अलीकडे तिकडे 'दे' ह्या सर्वनामावरून असेच रण माजले आहे. पुरुष की स्त्री हे ठाऊक नसता, किंवा ते सांगायचे नसता, एका माणसाला 'दे' म्हणावे काय? वस्तुतः हा वापर चौदाव्या शतकापासूनचा आहे, जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांत तो सर्रास सापडतो, आणि २०१९ साली वेब्स्टरच्या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून गौरवले. "हेडमास्तर आले" असे एका माणसाबद्दल रोज बोलणाऱ्या आपल्या लोकांना ह्या भांडणाची मोठी गंमत वाटावी. आदराने अनेकवचन होते, तर अज्ञानाने का होऊ नये?

इथवर वाचून वाचक म्हणतील, मग पहारेकरी मूर्खच ठरले. इतक्या सोप्या निकालावर माझा विश्वास नाही. याचे कारण १९६१ सालच्या एका प्रकरणात सापडेल.

त्या साली वेब्स्टरच्या त्याच थोरल्या कोशाची तिसरी आवृत्ती निघाली. संपादक होते फिलिप गोव्ह. कोशकार हा न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे, लोक जसे बोलतात तसे नोंदवणे एवढेच त्याचे काम, हे त्यांचे सूत्र. प्रकाशकांनी मोठ्या हौसेने जाहीर केले की 'एन्ट' ह्या बदनाम शब्दाला आता मान्यता मिळाली आहे. झाले! वृत्तपत्रे तुटून पडली. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून आपण दुसरीच आवृत्ती वापरणार असे ठणकावले. बर्गन एव्हान्स नावाच्या लेखकाने मग त्याच अंकाची झडती घेतली, तो तिसऱ्या आवृत्तीत असलेले पण दुसरीत नसलेले दीडशेहून अधिक शब्द आणि प्रयोग त्या एका अंकात निघाले! रेक्स स्टाउटच्या १९६२ सालच्या कादंबरीत तर त्याचा लठ्ठ गुप्तहेर नीरो वुल्फ शेकोटीपाशी बसून ह्या कोशाची पाने फाडून फाडून जाळतो. कारण काय, तर 'इम्प्लाय' म्हणजे बोलणाऱ्याने सुचवणे आणि 'इन्फर' म्हणजे ऐकणाऱ्याने अनुमान काढणे, हा भेद कोशाने पुसला.

यातली खरी मौज अशी की 'एन्ट' दुसऱ्या आवृत्तीतही होताच. तिसरीत त्याच्यापुढे, पुष्कळांना हा नापसंत आहे, अशी स्पष्ट टीपही होती. टीकाकारांनी कोश वाचला नाही, जाहिरात वाचली. आमच्याकडेही पुस्तकाच्या वेष्टणावरून परीक्षण लिहिण्याची चाल आहेच!

तरीही गोव्हसाहेबांचे एक चुकले, असे मला वाटते. माझ्या घरात कादंबरीकार आणि मास्तर हे दोघे एकाच अंगरख्यात नांदतात. कादंबरीकाराला गोव्ह परमप्रिय. माझ्या कादंबरीतली म्हातारी 'आनि-पानी' म्हणते, तिच्या तोंडी मी 'आणि-पाणी' घातले तर ती तिथल्या तिथे मरेल. लोक बोलतात तीच तिची भाषा. मास्तराची गोष्ट निराळी. त्याच्यासमोर जी पोरे बसतात, त्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, गल्लीत बोलत नाहीत. न्यूयॉर्कच्या पोराला 'एन्ट' कुठे शोभतो आणि कुठे नोकरी घालवतो हे कानाने कळते; तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पोरीजवळ तो कान नसतो, तिच्याजवळ असतो फक्त कोश. गोव्ह यांनी 'बोलीतला' ही शब्दांपुढची जुनी खूण काढून टाकली. अशी खूण शब्दाला कमीपणा आणते, हे त्यांचे म्हणणे न्याय्यच होते. पण परक्या वाटसरूसाठी तो रस्त्यावरचा दगड होता, तोच उपटला गेला. लंडन-न्यूयॉर्कच्या भांडणात दोन्ही पक्षांना ह्या पोरीची आठवण झाली नाही.

१९६९ साली निघालेल्या अमेरिकन हेरिटेज कोशाने जी युक्ती काढली, ती म्हणूनच मला अधिक शहाणपणाची वाटते. त्यांनी लेखक, संपादक अशा सुमारे शंभर जणांचे मंडळ नेमले, वादग्रस्त शब्दांवर त्यांची मते मागवली, आणि इतके टक्के लोकांना हा प्रयोग खटकतो, असे आकडे छापले. व्याकरणाचा निकाल मतपेटीतून लावायचा, हे ऐकून हसू येते खरे. तरीही २०१८ साली ते मंडळ मोडले याचे मला वाईट वाटले. कारण ह्या आकड्यांत 'चूक' हा शब्द नाही आणि 'काहीही चालेल' हाही नाही. कोण भुवई उंचावील, एवढेच ते सांगतात. गरिबाच्या पोराला नेमके तेवढेच हवे असते.

उदाहरण 'प्रीपोन'चे घ्या. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे, तर 'प्रीपोन' म्हणजे अलीकडे ओढणे; आपल्या कचेऱ्यांत हा शब्द रोज वापरतात, आणि इंग्रजाळलेले लोक त्याला अडाण्यांचा शब्द म्हणून हसतात. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, आणि ह्याच अर्थाने १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात तो सापडतो. तेव्हा हसणाऱ्यांनी जरा जपून हसावे. विद्यार्थ्याच्या वहीत तो आला तर मी त्यावर फुली मारत नाही. समासात लिहितो : 'आपल्याकडे चालतो, लंडनला पत्र लिहिशील तर वाचणारा क्षणभर थबकेल.' लाल शाई तीच, पण पोराचे तोंड उतरत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीने निबंधात 'मंगूस'चे अनेकवचन 'मंगीस' लिहिले. 'गूस'चे 'गीस', तसे हे. तर्क बिनतोड होता. मी तिला सांगितले की ह्या प्राण्याचा हंसाशी काडीचाही संबंध नाही. शब्द आपल्या मराठी मुंगसाचा, सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इकडे आला होता, त्याच्या प्रवासवर्णनात तो आढळतो. ऐकण्यातल्या घोटाळ्याने त्याला हंसाचे शेपूट चिकटले इतकेच. म्हणून रूढ रूप 'मंगूसेस'. वेब्स्टर 'मंगीस'ही देतो, पण मागाहून. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, शब्द आपला, तर मग 'मुंगसे' का नाही?"