अभयेच्या नवऱ्याचा पत्ता

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘श्रीकांत’ या चार भागांच्या कादंबरीचा दुसरा भाग १९१८ साली प्रसिद्ध झाला. ब्रह्मदेशात गेलेल्या आणि पुढे पत्र पाठविणेही सोडून दिलेल्या नवऱ्याच्या शोधार्थ निघालेली अभया त्यात भेटते. गावचा परिचित रोहिणी तिच्या सोबतीला असतो. नवऱ्याचा शोध लागतो. पण त्याने तेथे ब्रह्मी स्त्रीशी संसार थाटलेला असतो. त्याच्या घरी गेलेली अभया वेताच्या छडीचे वळ अंगावर घेऊन परत येते आणि रोहिणीबरोबर उघडपणे राहू लागते. टीकाकारांचे लक्ष बहुधा या शेवटच्या निर्णयावर खिळते. विवाहमंत्रांचे बंधन एकट्या स्त्रीवरच का, हा तिचा युक्तिवाद शरच्चंद्रांच्या सामाजिक विचारांचा पुरावा म्हणून मांडला जातो. ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे त्याआधीचा प्रश्न मागे राहतो. हा नवरा बेपत्ता होता, तो नेमका कोणापुरता?

याचे उत्तर त्याच भागातील धक्क्यावरच्या प्रसंगात आहे. एक बंगाली तरुण आपल्या ब्रह्मी पत्नीस सोडून मायदेशी निघाला आहे. त्याला न्यायला प्रत्यक्ष वडील बंधू आलेला आहे. आपण लवकरच परतू, अशी तिची समजूत करून देण्यात आली आहे. तरुण रडण्याचे सोंग करतो, तिच्या बोटातील अंगठीही काढून घेतो आणि बंगालीत तिची टवाळी करतो. भोवतालचे देशबांधव हसू दाबतात. ती मात्र त्याचे अश्रू खरे मानून रडत राहते. दुसऱ्या दिवसापासून याही स्त्रीचा नवरा ‘बेपत्ता’ होणार आहे. तो कोठे गेला, हे त्याचे कुटुंब जाणते, धक्क्यावरची मंडळी जाणतात. जाणत नाही ती केवळ पत्नी.

हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे शरच्चंद्रांची दृष्टी स्पष्ट होते. एका बंदरावर हरवलेला नवरा दुसऱ्या बंदरावर संसार करीत असतो. त्याचे हरवणे हा दैवाचा घाला नव्हे. ते अनेकांच्या मौनावर उभे असते. एकट्या पुरुषाची प्रतारणा फार दिवस टिकत नाही. तिला टिकविते ती आप्तांची आणि जातभाईंची मूक संमती. १९०३ ते १९१६ ही वर्षे ब्रह्मदेशात काढलेल्या या लेखकाने प्रवासी बंगाली समाजाचे हे मौन जवळून पाहिले असले पाहिजे.

येथे अनुवादकाची खरी कसोटी लागते. मूळ प्रसंगात विश्वासघाताची भाषा हीच वाचकाचीही भाषा आहे. त्या स्त्रीला न कळणारी टवाळी बंगाली वाचकाला कळते. म्हणजे क्षणभर तोही धक्क्यावरच्या हसणाऱ्यांत उभा राहतो आणि मग त्याला स्वतःची लाज वाटते. मामा वरेरकरांच्या अनुवादांनी शरच्चंद्र मराठी घरांत पोचले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु हा प्रसंग कोणत्याही अन्य भाषेत गेला की ती टवाळी परक्यांची होते आणि वाचक निर्दोष प्रेक्षक बनतो. शब्द सारे उतरतात, मात्र वाचकाचे साहचर्य मागे राहते. अनुवादकाने येथे घरातल्या चेष्टेचीच मराठी योजिली पाहिजे; ग्रंथभाषेने हा प्रसंग केवळ करुण होतो, बोचत नाही.

कादंबरीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. अभयेला शरच्चंद्रांनी वाणी दिली. धक्क्यावरच्या स्त्रीला केवळ अश्रू दिले. अभयेच्या नवऱ्याच्या घरातील ब्रह्मी स्त्री तर पार्श्वभूमीतच राहते. अभयेला न्याय देताना त्याच पुरुषाच्या दुसऱ्या संसाराचे काय, हा प्रश्न कादंबरी पुरता विचारीत नाही. तथापि तो विचारण्याची सामग्री तिनेच वाचकाच्या हाती ठेवली आहे. अभयेचे बंड थोर खरेच. पण नवऱ्याचा पत्ता ठाऊक असून गप्प बसलेल्यांना ओळखल्यावाचून त्या बंडाचे मोल पुरते ध्यानी येणार नाही.