माकडाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की मला आधी ऑइलपेंटचा वास येतो. आपल्याकडे सातशे-आठशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेलं काळ्या दगडाचं देऊळ एखाद्या उत्साही मंडळाच्या तावडीत सापडलं, की खांबांना पोपटी रंग, यक्षांना गुलाबी आणि गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा! देवाला बोलता येत नाही हे मंडळाचं भाग्य. दुसरा प्रकार घरगुती. पितळी बंबात छत्र्या ठेवायच्या, जात्यावर काच टाकून त्याचा टीपॉय करायचा आणि पाहुण्यांना "आजीचं जातं हं हे!" म्हणून सांगायचं. आजी त्यावर दळत होती, आपण त्यावर चहा सांडतो.

आज या दोन्ही प्रकारांचं परीक्षण करायला मी घेतलं आहे ते न्यू जर्सीतलं एक माकड. 'डाँकी काँग' त्याचं नाव. नावात गाढव, चित्रात गोरिला आणि काम राक्षसाचं. निन्टेंडो या जपानी कंपनीने 1981 साली काढलेला हा नाणं टाकून खेळायचा खेळ. पुरुषभर उंचीचं लाकडी कपाट, त्यात टीव्हीसारखी काचेची नळी, पुढे एक दांडी आणि एक बटण. आमच्या भाच्याने असं एक कपाट बंद पडलेल्या पिझ्झाच्या दुकानातून आणलं आणि दीड वर्ष गॅरेजमध्ये खपून मूळ रूपात उभं केलं. दोन घरं पलीकडच्या नागपूरकर गृहस्थांनी तसंच कपाट घेतलं, आतलं सगळं उपसून काढलं आणि एक छोटा संगणक व सपाट पडदा बसवला. त्यात म्हणे हजारो खेळ! "बोला, कुठलं चांगलं?" असं दोघांनीही मला विचारलं. दोघांकडे जेवलो असल्यामुळे तिथे बोललो नाही. इथे बोलतो.

आधी मूळ कलाकृतीविषयी. कथानक आपल्याला परकं नाही. सुंदरीला पळवून नेलेली आहे आणि नायक तिला सोडवायला निघाला आहे. फरक एवढाच की नायक राजपुत्र नसून मिशीवाला, पोट सुटलेला सुतार आहे. (पुढे हाच मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला.) वरून माकड पिंपं सोडतं, हा तुळयांवरून उड्या मारत शिडीशिडीने वर चढतो. वाटेत हातोडा मिळतो. तो हातात असेपर्यंत समोर येईल ते पिंप फोडता येतं, मात्र तेवढा वेळ शिडी चढता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. ज्याला म्हणून एकदा खुर्ची मिळाली आहे, त्याने हा प्रसंग शांतपणे पाहावा. शेवटच्या मजल्यावर आठ रिव्हेट काढले की माकड डोक्यावर आपटतं, बदाम उमटतो, आणि लगेच नवा अंक सुरू : माकड पुन्हा सुंदरीला घेऊन वर!

याला शेवटच नाही का? आहे, आणि तोच मला सर्वांत आवडला. दर पातळीला मिळणारा वेळ यंत्र स्वतः मोजतं : पातळीला दहाने गुणायचं आणि चाळीस मिळवायचे. बाविसाव्या पातळीला बेरीज होते 260. त्या बिचाऱ्या यंत्राला एका खणात 255 च्या पुढे मावत नाही. उरतात चार. म्हणजे एकवीस पातळ्या चढून आलेला नायक काही सेकंदांत, कोणीही न मारता, मरून पडतो. हिशेबातल्या चुकीने मेलेला नायक आमच्या कारकुनी पेशातल्या माणसाला फार जवळचा वाटतो.

आता प्रयोगाकडे वळू. नागपूरकरांचा पडदा आडवा, खेळ उभा. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळोख आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माकड, जणू फ्लॅटच्या दाराच्या फटीतून दिसतंय. त्यांची दांडी आठ दिशांना फिरते. मूळची चारच दिशांना फिरते, कारण या खेळात तिरकं जाणं नाही. हजार खेळ खेळायचे म्हटल्यावर दांडी सर्वसमावेशक हवीच. पण ऐन शिडीच्या तोंडाशी ती किंचित कलते, आणि सुतार शिडी सोडून पिंपाच्या स्वागताला उभा राहतो.

खरी मेख नाण्याची. मूळ यंत्रात पाव डॉलरला तीन जीव. भाच्याने नाण्याची फट चालू ठेवली आहे आणि मामालाही सवलत दिली नाही. पाव डॉलर म्हणजे वीसबावीस रुपये, हा गुणाकार मनातल्या मनात झाल्यावर मी ज्या जिवाच्या आकांताने चढलो, तसा अमृतेश्वराच्या पायऱ्यासुद्धा कधी चढलो नाही. नागपूरकरांकडे नाण्याच्या जागी बटण. दाबा, की जीव हजर. तिथे मी अकरा वेळा मेलो आणि एकदाही वाईट वाटलं नाही. पाच मिनिटांत दुसरा खेळ लावला, मग तिसरा. हजार पदार्थांच्या पंगतीतून माणूस उपाशी उठतो तसा उठलो.

नागपूरकरांचीही बाजू आहे, आणि ती भक्कम आहे. 'डाँकी काँग' हे मुळात रूपांतरच! 1980 साली निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने 'रडार स्कोप' नावाच्या खेळाची तीनेक हजार कपाटं मागवली. त्यातली हजारभर खपली, दोनेक हजार गोदामात पडून राहिली. ती कामी लावण्यासाठी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने हा खेळ रचला. जपानहून सुटे भाग आले आणि सिॲटलजवळच्या गोदामात शाखाप्रमुख अराकावा, त्यांच्या पत्नी योको आणि चार माणसं स्वतः कपाटं उघडून ते बसवत बसली. म्हणून पहिली कपाटं लाल रंगाची, निळी नंतरची. नवऱ्याचा न खपलेला माल बायकोने स्क्रूड्रायव्हर घेऊन मार्गी लावल्याचं याहून उज्ज्वल उदाहरण मला ठाऊक नाही. (आमच्या हिला ही हकीकत मी अद्याप सांगितलेली नाही.)

म्हणजे रूपांतर हे पाप नव्हे. पण त्या गोदामात एक पडेल खेळ जाऊन एक अजोड खेळ आला. इथे अजोड जाऊन गर्दी आली. कपाट पोकळ मिळालं असतं तर नागपूरकरांना मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्यांचं मात्र चालू होतं. काचेची नळी शाबूत होती, आणि तशा नळ्या आता कोणी बनवत नाही. शिवाय या यंत्राच्या पाटीतून रंगांचे संदेशच उलटे निघतात, ते सुलटे दाखवणारा पडदा खास जोडीचा. त्याच्याविना साध्या पडद्याला तीच पाटी जोडली तर रंगांची उलथापालथ होते. भाच्याने त्या पडद्यातले सुकलेले कपॅसिटर एकेक करून बदलले. वीज बंद केली तरी नळीत हजारो व्होल्ट दबा धरून असतात, म्हणून एक हात पाठीमागे ठेवून तो काम करत होता आणि आमची बहीण दारात उभी राहून स्तोत्र पुटपुटत होती.

नागपूरकरांनी काढलेली नळी आणि पाटी सुदैवाने भंगारात गेली नाही. माळ्यावर जुन्या चादरीत बांधून ठेवली आहे. भाच्याला हे कळल्यापासून दर रविवारी आमच्या बहिणीच्या हातच्या नारळाच्या वड्या त्या घरी पोचत आहेत. नागपूरकर वड्या खातात, डबा धुऊन परत पाठवतात, आणि माळ्याचा विषय निघाला की हवापाण्यावर बोलू लागतात.