‘झंडू’ : गालिचा, माग आणि गिरणगावची खोली

करण अंशुमन व पुनीत कृष्णा यांनी रचलेल्या ‘मिर्झापूर’ या मालिकेचा ‘झंडू’ हा पहिला भाग नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला. संघटित गुन्हेगारीवरील कोणत्याही भारतीय कलाकृतीची चर्चा मारिओ पुझो यांच्या ‘द गॉडफादर’ (१९६९) या कादंबरीपासून सुरू करण्याचा प्रघात पडला आहे. अधिपती पिता, उतावळा पुत्र, वैध व्यापाराचे आवरण ही सामग्री येथेही आढळते. परंतु प्रभावाच्या या मोजणीत एक महत्त्वाचा भेद निसटतो. कोर्लिओने कुटुंबाचे ऑलिव्ह तेल परदेशातून येते. अखंडानंद त्रिपाठी ऊर्फ कालीन भैया याचा गालिचा मात्र याच मुलखात विणला जातो.

कथानक थोडक्यात सांगता येते. कालीन भैयाचा मुलगा मुन्ना एका अनोळखी वरातीत शिरून नाचतो आणि त्याने झाडलेल्या गोळीने नवरदेव मरतो. कोणी धजत नसताना रमाकांत पंडित हा वकील खटला हाती घेतो. त्याला धमकावण्यासाठी मुन्ना घरी येतो. पंडितांचे मुलगे गुड्डू व बबलू त्याच्या टोळीचा प्रतिकार करतात. आणि शिक्षेऐवजी कालीन भैया त्या दोघांपुढे नोकरीचा प्रस्ताव ठेवतो. वरातीचा प्रसंग गाजला, आणि तो गाजण्याजोगाच आहे. तथापि भागाचे खरे वजन पंडितांच्या घरात आहे. कायद्यावर निष्ठा असणारा पिता आणि त्या निष्ठेने पदरात काय पडले याचा हिशेब मांडणारे पुत्र यांच्यातील अंतर दिग्दर्शनाने संयमाने उभे केले आहे.

गालिच्याच्या व्यापाराआड देशी कट्टे आणि अफू यांचा धंदा चालतो, ही मालिकेची मूळ कल्पना. वाराणसीतील अभ्यासकाला मात्र हा गालिचा केवळ आडोसा म्हणून पाहणे कठीण जावे. भदोही १९९४ पर्यंत वाराणसी जिल्ह्याचाच भाग होते. तेथील हातविणीच्या गालिच्याला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. याच पट्ट्यातील मागांवर बसवलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि बंधुआ मुक्ती मोर्चाच्या याचिकेवर १९९७ मध्ये निर्णय झाला. ‘झंडू’मध्ये या इतिहासाचा मागमूस नाही. मालाने मालकाला नाव दिले. विणणाऱ्याला मुख्य पात्रांत जागाही मिळाली नाही.

या संदर्भात जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. तेथेही एक घर आहे, आई आहे, मुलगे आहेत आणि त्यांतील नरू टोळीच्या वाटेने गेला आहे. नाटक गिरणगावातील चाळीच्या खोलीत घडते. गिरणी प्रत्यक्ष दिसत नाही. तरीही जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप त्या खोलीतील प्रत्येक भांडणात हजर असतो. नरूची वाट बंद पडलेल्या भोंग्यापासून निघते, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. पवार यांनी श्रम दृष्टीआड ठेवूनही कारण म्हणून जिवंत राखला; ‘झंडू’मध्ये गालिचा डोळ्यांसमोर राहतो आणि श्रम नाहीसा होतो. परिणामी गुड्डू-बबलूचा निर्णय स्वभावाचा, फार तर महत्त्वाकांक्षेचा ठरतो. तो त्या मुलखाच्या इतिहासातून आलेला वाटत नाही. अर्थात गुन्हेगारीच्या मुळाशी भूकच असते असे नाही. सुस्थित, शिकल्यासवरल्या घरातील मुलांना पडणारा सत्तेचा मोह हे मालिकेचे निरीक्षण अस्सल आहे, आणि ‘अधांतर’च्या कक्षेत ते येत नाही. पण मोहाचे हे चित्रण ज्या संपत्तीभोवती फिरते, ती निर्माण कशी होते याविषयी मालिका उदासीन आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये दुसरे पर्व आल्यावर मिर्झापूरच्या खासदार अनुप्रिया पटेल यांनी जिल्ह्याच्या बदनामीबद्दल आक्षेप घेतला. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मालिकेविरुद्धच्या याचिकेवर नोटीस काढली. आक्षेपांचा रोख शहराच्या प्रतिमेवर होता. शहर ज्या हातांवर जगते ते हात दाखवलेच नाहीत, ही तक्रार अधिक रास्त ठरली असती. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागाचे नाव ‘योग्य’ असे आहे. तेथवर वाद गादीला लायक कोण एवढ्यापुरता आकसलेला असतो, आणि माग कोणाच्या हातांनी चालतो हे विचारणारे पात्र तेथेही येत नाही.